दारातली सकाळ: आशियात माणसं रोज कशी जगतात ते पाहायचं असेल तर

ताई, तुमचा प्रश्न वाचला. तुम्ही सांगलीजवळ राहता, तुम्ही आणि सर दोघंही शाळेतून निवृत्त. आजवर दोन ग्रुप टूर झाल्या, पण परत आल्यावर डोळ्यांपुढे राहिलं ते हॉटेलातलं नाश्त्याचं टेबल आणि बसची खिडकी. आता तीन आठवडे मोकळे आहेत. ‘इमारती नकोत, माणसं रोज कशी राहतात, सणवार कसे करतात ते बघायचंय,’ असं तुम्ही लिहिलंय. शाकाहारी आहात, सरांचे गुडघे दुखतात. कुठे जावं, काय बघावं आणि कुठे चूक होऊ शकते, हे विचारलंय.

मी २२ वर्षं मराठी मंडळींना घेऊन आशियात फिरतोय. माझं उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. तीन आठवड्यांत दोनच मुक्काम करा: लाओसमधलं लुआंग प्रबांग आठ दिवस आणि बाली दहा दिवस. दोन्हीकडे बँकॉकमार्गे जाता येतं. तिसरं ठिकाण कितीही खुणावलं तरी घेऊ नका. आणि दोन्हीकडे पहाटे पाचला उठा.

पहाटेचं कारण साधं आहे. रोजचं जगणं दारात आणि अंगणात दिसतं, आणि ते सकाळीच दिसतं. साडेपाच ते साडेआठ माणसं स्वतःच्या घरासाठी, स्वतःच्या देवासाठी काहीतरी करत असतात. नऊनंतर तेच गाव पाहुण्यांसाठी कामाला लागतं, आणि मग आपल्याला जे दिसतं ते आपल्यासाठी मांडलेलं असतं. एकाच रस्त्यावर पाच-सहा सकाळी काढल्या की आणखी एक गोष्ट होते. पहिल्या दिवशी तुम्ही परके असता, तिसऱ्या दिवशी चहावाली ओळखते, पाचव्या दिवशी ती स्वतःहून स्टूल पुढे सरकवते. खऱ्या गप्पा त्या स्टुलावर होतात.

लुआंग प्रबांग मेकाँग आणि नाम खान या नद्यांच्या संगमावर वसलंय. तुम्ही कराडचा प्रीतिसंगम पाहिला असेलच. तशाच दोन पाण्यांमधल्या जिभेसारख्या जमिनीवर हे जुनं गाव आहे. १९९५ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवलं. १५६०च्या सुमाराचं वाट शिएंग थोंग हे सुंदर देऊळ तिथे आहे, ते दुपारी केव्हाही बघा. सकाळ मात्र रस्त्यावर काढा.

रात्रभर भिजवलेला चिकट तांदूळ बायका पहाटे बांबूच्या उभ्या, शंकूसारख्या टोपलीत वाफवतात. तो भात छोट्या झाकणाच्या बांबूच्या डब्यात भरून, डाव्या खांद्यावरून शेला घेऊन, अनवाणी, दारासमोर चटईवर येऊन बसतात. उजाडता उजाडता भिक्षूंची रांग येते. वडीलधारे पुढे, आठ-दहा वर्षांची पोरं सगळ्यांत मागे, सगळे अनवाणी. प्रत्येकाच्या पात्रात चिमूटभर भात पडतो. या रिवाजाला ‘ताक बात’ म्हणतात. त्यातला ‘बात’ म्हणजे आपलं पात्रच, शब्द संस्कृतातून तिकडे गेलेला.

हे पाहिलं की मराठी माणसाला लगेच माधुकरी आठवते. पुण्यात गरीब विद्यार्थी पाच घरी माधुकरी मागून शिकले, हे आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी ऐकलेलं असतं. माझ्या गटातलं कुणी ना कुणी म्हणतंच, ‘अहो, हे तर आपलंच!’ ती ओळख पटल्याचा आनंद मलाही होतो. पण तिथेच थांबलात तर पुढचं दिसणार नाही. आपला माधुकरी मागणारा मुलगा दारात उभा राहून ‘ॐ भवति भिक्षां देहि’ म्हणायचा. इथला भिक्षू मागत नाही. देणाऱ्याकडे बघत नाही, आभारही मानत नाही, कारण पुण्य देणाऱ्याच्या पदरात पडतं. खाली वाकून बसलेली असते ती देणारी. आपल्याकडे घेणाऱ्याचा हात खाली असतो अशी समजूत. इथे हात कुणाचा वर आणि कुणाचा खाली, हेच उलटं झालेलं आहे. रांगेच्या शेवटी गरीब घरची मुलं टोपल्या घेऊन बसलेली दिसतील. भिक्षू आपल्या पात्रातला भात, केळी, बिस्किटं त्यांच्या टोपलीत टाकत जातात. दुपारी बारानंतर ते स्वतः जेवत नाहीत, दुसऱ्या दिवसासाठी साठवतही नाहीत.

इथे घडलेली एक चूक सांगतो, ती माझी होती. खूप वर्षांपूर्वी एका गटाला मी पहाटे घेऊन गेलो. फ्लॅश नको, खांदे झाका, लांब उभे राहा, सगळं सांगितलं होतं. स्त्रीने भिक्षूला स्पर्श करायचा नाही, एवढं मात्र सांगायचं राहिलं. गटात साठीच्या एक काकू होत्या. ती रांग बघून त्यांचे डोळे भरून आले आणि त्या एका वृद्ध भिक्षूच्या पायांवर डोकं ठेवायला वाकल्या. आपल्याकडे यापेक्षा मोठा आदर नाही. ते दचकून मागे सरले, मागची सगळी रांग अडखळली, चटईवरच्या बायकांनी माना खाली घातल्या. काकू त्या दिवशी धड जेवल्यासुद्धा नाहीत. तेव्हापासून मी आदल्या रात्री सगळ्यांना बसवून आधी हेच सांगतो: आपला आदर तिथल्या रीतीनेच पोचवायचा.

म्हणून पहिल्या दोन सकाळी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला नुसते उभे राहा. मुख्य रस्त्यावर आता गर्दी फार असते आणि पर्यटकांना तिथल्या तिथे भाताच्या टोपल्या विकणाऱ्या बायका असतात, त्यांच्याकडून घेऊ नका. आतल्या गल्ल्यांमध्ये रांगा लहान असतात आणि गर्दी जवळपास नसते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मनापासून वाटलं तर राहत्या घरच्या बाईला विचारा, ती तुमच्यासाठीही भात वाफवेल. वाटलं नाही तर देऊ नका. फोटोपुरतं दान देणारे ओळखू येतात, आणि तिथल्या लोकांना ते खुपतं.

कधी जावं? शक्य असेल तर कोजागिरीच्या सुमारास. तिथले भिक्षू साधारण आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत तीन महिने एकाच विहारात राहतात. हा वर्षावास, म्हणजे आपल्या चातुर्मासाच्या जवळचा काळ. तो संपला की लुआंग प्रबांगमध्ये दुसऱ्या दिवशी ‘लाय हुआ फाय’ हा सण असतो. प्रत्येक वस्ती बांबू आणि कागदाची मोठी नाव तयार करते, तिच्यात दिवे लावते, मिरवणुकीने वाट शिएंग थोंगपर्यंत नेते आणि मेकाँगमध्ये सोडते. आधीचे चार-पाच दिवस प्रत्येक देवळाच्या आवारात पोरं बांबू तासत, कागद चिकटवत बसलेली असतात. मला सणापेक्षा ते दिवस जास्त आवडतात. गणपतीच्या आधी मांडवात रात्री जागवलेल्या कुणालाही तिथे कात्री हातात घ्यावीशी वाटेल, आणि घेतलीत तर कुणी अडवणार नाही. तारीख मात्र तिथल्या पंचांगाने बघा, आपली आणि त्यांची पौर्णिमा कधीकधी एका महिन्याने चुकते. मार्च-एप्रिल टाळा. त्या दिवसांत डोंगरउतारावर शेतं जाळतात आणि धुराने हवा जड होते.

बालीत उबूद या पर्यटकांच्या आवडत्या गावाच्या मुख्य रस्त्यावर राहू नका. दोन-तीन किलोमीटर आतल्या गावात घरगुती मुक्काम घ्या. तिथलं घर म्हणजे भिंतीच्या आत वेगवेगळ्या खोल्यांचं आवार असतं, त्यात एका कोपऱ्यात घराण्याची देवळं. पाहुण्यांची खोली त्याच आवारात असते, त्यामुळे सकाळ आपोआप डोळ्यांसमोर घडते.

घरातली बाई स्वयंपाक झाल्यावर, कुणी तोंडात घास घालण्याआधी, केळीच्या पानाच्या छोट्या तुकड्यांवर चिमूट-चिमूट भात ठेवते. ते तुकडे चुलीपाशी, पाण्यापाशी, देवळात, दारासमोर जमिनीवर जाऊन बसतात. याला ‘बांतेन साइबान’ म्हणतात. माझी आजी कुणाला वाढण्याआधी पहिल्या पोळीचा तुकडा अग्नीला द्यायची. आमच्या घरात ते आजीबरोबर गेलं. बालीत कॉलेजात शिकणारी मुलगी मोबाइल खांद्याने कानाशी धरून ते करताना मी पाहिलीय.

मग ‘चानांग सारी’. नारळाच्या कोवळ्या पात्याची विणलेली हातभर नव्हे, तळहाताएवढी चौकोनी परडी. तळाशी विड्याचं पान, चुना, सुपारी: आपला विडाच. त्यावर फुलं, आणि फुलांना दिशा असते. पांढरी पूर्वेला ईश्वराची, तांबडी दक्षिणेला ब्रह्माची, पिवळी पश्चिमेला महादेवाची, निळी किंवा हिरवी उत्तरेला विष्णूची. वर उदबत्ती. दुकानाच्या पायरीवर, गाडीच्या काचेमागे, बँकेच्या दारात, पुलावर, सगळीकडे ती दिसते. उदबत्ती विझली की तिचं काम झालं, मग कोंबड्या-कुत्र्यांनी विस्कटली तरी चालतं. जळती असताना मात्र ओलांडू नका. बऱ्याच बायका आता बाजारातून विकत आणतात, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. पण राहत्या घरच्या बाईला संध्याकाळी परडी विणताना पाहिलंत तर शेजारी बसा. ताई, तुम्ही वाती वळत असाल तर तुमची बोटं तिला लगेच आवडतील.

गप्पा सुरू करायला नाव विचारा. पहिलं मूल वायान, दुसरं मादे, तिसरं न्योमान, चौथं केतुत. पाचव्यापासून पुन्हा वायान. नाव कळलं की भावंडांत कितवा ते कळतं, आणि बाकीच्या भावंडांची चौकशी आपसूक होते.

बालीच्या पंचांगाबद्दल तुम्हाला नक्की कुतूहल वाटेल. ते शके मोजतात, आपल्यासारखंच. २०२५ साली दोघांकडे शके १९४७ लागलं. त्यांचं २९ मार्चला, आपला पाडवा ३० मार्चला. अधिक महिना धरण्याच्या पद्धती वेगळ्या असल्याने २०२४ साली मात्र जवळजवळ एका महिन्याचं अंतर पडलं. आकडा एक, पण नववर्ष किती वेगळं! आपण गुढी उभारतो, श्रीखंड-पुरी करतो, शोभायात्रा काढतो. ते आदल्या संध्याकाळी ‘ओगोह-ओगोह’ नावाचे भुताखेतांचे राक्षसी पुतळे ढोल बडवत मिरवतात, आणि दुसऱ्या दिवशी ‘न्येपी’: विस्तव नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. रस्त्यावर फक्त गावचे रखवालदार. विमानतळसुद्धा २४ तास बंद. पाहुण्यांनाही दाराबाहेर पाऊल टाकता येत नाही, रात्री दिवे लावता येत नाहीत. मी एकदाच न्येपीला तिथे होतो. संध्याकाळी अंगणात बसलो, तेव्हा लांबच्या ओढ्याचं पाणी ऐकू आलं. चार दिवस त्याच घरात राहून तो ओढा मला माहीत नव्हता.

गुढीचा चुलत भाऊ शोधायचा असेल तर गालुंगानला जा. हा सण दर २१० दिवसांनी येतो. प्रत्येक घरापुढे ‘पेन्जोर’ म्हणजे उंच, टोकाला वाकलेला बांबू उभा करतात, त्याला नारळाची पाती, भाताच्या लोंब्या, फळं. मी नेहमी बरोबर आमच्या घराचे दहा-बारा छापील फोटो नेतो: स्वयंपाकघर, तुळशीवृंदावन, गुढी, नातवंडं. एका घरच्या आजीने गुढीच्या फोटोवर बोट ठेवलं आणि ‘पेन्जोर!’ म्हणाली. मग तिने मला पेन्जोरचा अर्थ सांगितला: वाकलेलं टोक म्हणजे आगुंग, बालीचा पवित्र पर्वत, शेताने जे दिलं त्याबद्दलची कृतज्ञता. विजयाची खूण म्हणून आमची गुढी ताठ असते, असं मी सांगितलं. दोन्ही बांबू, दोन्ही दारात, आणि मनात दोन वेगळ्या गोष्टी. तुम्हीही असे फोटो न्या. पेन, चॉकलेटं वाटू नका, त्याने मुलं हात पसरायला शिकतात.

शेतीची आवड असेल तर ‘सुबाक’ बघा. एका पाटावरचे शेतकरी मिळून पाणी वाटून घेतात, पाळ्या ठरवतात, आणि हे सगळं जलदेवळांच्या पूजांशी बांधलेलं असतं. २०१२ साली त्यालाही जागतिक वारशाचा मान मिळाला. धुळ्याकडे पांझरेवर फड पद्धत आहे, तिथे पाटकरी पाणी फिरवतो. तुमच्या शाळेच्या पुस्तकात तिचा उल्लेख असेल-नसेल. भाताच्या टप्प्यांचा फोटो सगळेच काढतात. पाणी कुठून वळलं ते बांधावरून चालत शोधा, सकाळी सहाला कुणीतरी फावडं घेऊन तिथे असतंच.

पुढच्या खेपेसाठी उझबेकिस्तानातलं समरकंद मनात ठेवा. तिथे भाकरी, म्हणजे ‘नोन’, हीच देवता आहे म्हणा. तंदूरमधून निघालेली, मध्ये ठशांची नक्षी असलेली जाड गोल रोटी. ती हाताने तोडायची, सुरीने कापायची नाही, आणि उलटी कधीच ठेवायची नाही. एका घरी बोलता बोलता मी ती पालथी ठेवली. यजमानांनी वाक्य न तोडता ती सुलटी केली आणि माझ्याकडे बघितलंही नाही. घरातलं कुणी लांबच्या प्रवासाला निघालं की रोटीचा एक घास खाऊन जातं, उरलेली रोटी तो परत येईपर्यंत जपून ठेवतात. चहा आधी तीनदा पियाल्यात ओतून पुन्हा किटलीत घालतात, मग पाहुण्याला देतात, आणि तोही थोडाच. मराठी पाहुण्याला अर्धा कप म्हणजे कंजूषपणा वाटतो. तिथे थोडा चहा म्हणजे तुम्ही बसावं, पुन्हा पुन्हा ओतायची संधी मिळावी. काठोकाठ भरलेला पियाला ‘आता निघा’ असं सांगतो.

जपानमध्ये जायचं झालं तर कोयासानला दोन रात्री. ८१६ साली कूकाई या आचार्याने वसवलेलं डोंगरावरचं देवळांचं गाव, तिथे ५०हून अधिक देवळांत उतरायची सोय आहे. पहाटे काही देवळांत ‘गोमा’ करतात, तो आपला होमच. एकावर एक पाच दगड रचलेल्या थडग्यांवर सिद्धम या जुन्या भारतीय लिपीत अ, व, र, ह, ख ही पंचमहाभूतांची बीजाक्षरं कोरलेली दिसतील. आणि जेवण पूर्ण शाकाहारी, कांदा-लसूणही नाही.

जेवणाचं बोलायचं तर फक्त ‘शाकाहारी’ म्हणून काम होत नाही. मासा लपून येतो. लाओसमध्ये पादेक म्हणजे आंबवलेला मासा, बालीत सांबाल या चटणीतलं तेरासी म्हणजे आंबवलेली कोळंबी, व्हिएतनाममध्ये नुओक माम हा माशाचा रस, जपानमध्ये सुक्या माशाचं पाणी, दाशी. बालीत ‘तान्पा तेरासी’ म्हणा, टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या) आणि गादो-गादो (शेंगदाण्याच्या चटणीतल्या भाज्या) यांवर दिवस छान निघतात. लाओसमध्ये ‘बो किन सीन’ म्हणजे मांस खात नाही. पादेक नको हे वेगळं सांगा. बँकॉकमध्ये थांबलात तर पिवळ्या पताकेवर लाल अक्षर दिसलं की तिथे ‘जे’ म्हणजे कडक शाकाहारी जेवण, त्यात कांदा-लसूणही नसतो. शाकाहाराला थाई शब्द ‘मांगसविरात’ आहे. मांस आणि विरती, नीट ऐका. व्हिएतनामला कधी गेलात तर ‘चाय’ अशी पाटी शोधा. त्याचा चहाशी संबंध नाही, ते शाकाहारी जेवण. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला तिथली साधी माणसंही तेच खातात, म्हणून त्या दिवशी निवड जास्त मिळते. लाडू-चिवडा न्याच, पण खोलीत बसून खाण्यापेक्षा यजमानांपुढे डबा उघडा.

सरांच्या गुडघ्यांचं. लुआंग प्रबांगमध्ये भिक्षा द्यायला चटईवर बसावं लागतं, त्याची काळजी वाटणं रास्त आहे. बायका बसतात. पुरुषांनी उभं राहून, चप्पल काढून, मान लववून दिलेलं चालतं. तुम्हालाही खाली बसवलं नाही तर बुटकं स्टूल मिळतं. खोली घेताना तळमजल्याची मागा, जुन्या लाकडी घरांचे जिने उभे असतात. बालीतल्या देवळांत पायऱ्या खूप, तिथे सरांना अंगणातल्या मांडवात बसवा. म्हातारी मंडळी तिथेच बसलेली असतात आणि जागा करून देतात.